जाळीपाशी

मित्रांनो, मी एक जुनी टेनिस रॅकेट आहे. मी दुहेरीच्या एका खेळाडूची. दुहेरीत एका बाजूला दोघी खेळतात, म्हणून माझी गोष्ट सांगायची तर मला दोघींचीच सांगावी लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळ्या, चिवट धाग्यांचे थर साच्यात दाबले, भट्टीत भाजले आणि घासूनपुसून रंगवले, की झाले आमचे अंग तयार. दुकानात मी नुसती चौकट म्हणून टांगलेली होते. तारा ओढणाऱ्या काकांनी मला यंत्रात आवळले, तारा ताणून बसवल्या, तळहातावर टणटण वाजवून पाहिले आणि म्हणाले, "घ्या, लागली बोलायला!"

जिच्या हाती मी गेले तिला सगळे छोटी म्हणत आणि तिच्या जोडीदारणीला मोठी. त्या काही बहिणी नव्हत्या. एक बुटकी, दुसरी ताडमाड, म्हणून ही नावे पडली. मोठीची सर्व्हिस म्हणजे तोफगोळा. छोटी जाळीपाशी वाकून उभी राही, पाठीमागे हात नेऊन बोटांनी तिला खूण करी आणि परत आलेला चेंडू माझ्याकडून अचूक मारून घेई. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो मोठीचा. त्यात कोपऱ्यात छोटीचा खांदा आणि माझा अर्धा चेहरा. छोटी तोच फोटो आईपुढे धरून म्हणायची, "हा बघ, माझा खांदा!"

पिशवीत माझ्यासारख्याच आणखी रॅकेट होत्या, पण अटीतटीच्या वेळी छोटीचा हात माझ्याकडेच वळे. त्याचा मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मग एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. मैदान गच्च भरले होते. आणि ऐन वेळी मोठीचा हात सर्व्हिससाठी वर उठेना. दुखापत काही नव्हती, मनानेच कच खाल्ली होती. एक चेंडू जाळीत, दुसरा पार बाहेर. छोटी तिच्याजवळ गेली.

"काय होतंय?"

"हात वर जातच नाही गं. माझा वाटतच नाही तो."

"मग खालून मार."

"खालून? लोक हसतील."

"हसू देत. तिकीट काढून आलेत बिचारे."

मोठीने खालून सर्व्हिस केली आणि लोक खरेच हसले. समोरच्या मुलीला तर आयतेच फावले. ती तो मऊ चेंडू सरळ छोटीच्या अंगावर झोडपू लागली. तोंडावर येईल तो, पोटावर येईल तो, मी मध्ये पडत होते. पायाशी आलेला एक चेंडू उचलताना मी जमिनीवर घासले आणि माझ्या कडेचा टवका उडाला.

"मागे ये ना गं!" मोठी रडकुंडीला आली होती.

"मी मागे आले तर पुढे कोण?"

त्या हरल्या. पण शेवटच्या गुणापर्यंत छोटी जाळीपासून हलली नाही.

नंतर प्रशिक्षक छोटीला बाजूला घेऊन म्हणाले, "जोडीदार बदल. तुझं वय काही थांबणार नाही."

"तिचा हात बरा होईपर्यंत मी थांबते, सर."

आणि ती थांबली. पुढचा सबंध हंगाम आम्ही आडबाजूच्या मैदानांवर खेळलो, हरलो आणि रोज सकाळी सराव केला. हळूहळू मोठीचा हात वर उठू लागला. आणि तेव्हाच छोटीचा गुडघा कायमचा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितले.

"मग मीही सोडते," मोठी म्हणाली.

छोटी एकदम उसळली. "वेड लागलंय का तुला? आत्ता कुठे हात जागेवर आलाय. जा, खेळ!"

मोठी गेली. नव्या जोडीदारणीबरोबर तिने तीच स्पर्धा जिंकली. छोटीने टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. मग टीव्ही बंद केला, मला उचलले आणि कपाटावर ठेवून दिले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे काय सांगू? अंगावर धुळीचा थर बसला. छोटीच्या मुलीने माझ्याकडून जळमटे काढून घेतली, सोफ्याखाली गेलेल्या चपला ओढून घेतल्या. उन्हाळ्यातल्या एका दुपारी माझी एक तार आपोआप तुटली. तो आवाज कुणी ऐकलासुद्धा नाही.

मग घराला रंग द्यायचा ठरला आणि कपाटावरचे सगळे खाली आले. मुलीने विचारले, "आई, ही टाकू का?"

छोटीने मला मांडीवर घेऊन पदराने पुसले.

"आई, मोठीमावशी कधीच कशी येत नाही गं?"

"तिला सवड नसेल."

"तू बोलावलंस कधी?"

छोटी बराच वेळ माझ्या तुटक्या तारेशी चाळा करत बसली. मग तिने फोन उचलला.

मोठी त्याच रविवारी आली. केस पांढरे झालेले, पण उंची तीच. दारातच म्हणाली, "मला वाटलं, तू रागावलीस. तू माझ्यासाठी थांबलीस, आणि मी निघून गेले."

"मीच तर हाकललं तुला."

"हो, पण मी मागे वळून नाही बघितलं."

"बघितलं असतंस तर मी रडताना दिसले असते. बरं झालं."

मग मोठीने टेबलावरून मला उचलले. इतकी वर्षे एका मैदानावर काढली, पण तिच्या हातात मी पहिल्यांदाच गेले. तिने मला तोलून पाहिले. "एवढीशी ही? हिनं अडवत होतीस ते सगळं?"

छोटी म्हणाली, "मागे तू होतीस ना."

मित्रांनो, वस्तू अडगळीत ठेवताना एकदा पुसून ठेवा, अधूनमधून खाली काढून बघा. आमच्यावरची धूळ निदान दिसते तरी. पण ज्यांच्याबरोबर तुम्ही खेळलात, हरलात, त्यांना वर्षानुवर्षे भेटला नाहीत तर तिथली धूळ कुणाच्याही नजरेस पडत नाही. ती रागावली असेल, तो विसरला असेल, असे मनातल्या मनात ठरवत बसू नका. विचारून घ्या.

आत्ता दोघी स्वयंपाकघरात कडकडून भांडत आहेत. त्या अंतिम सामन्यात दोघींच्या मधून गेलेला चेंडू कुणी घ्यायचा होता, यावरून. तो छोटीचाच होता. पण मला कोण विचारतो!