थंड होईपर्यंत

"बाई, स्विच बंद करा," मुख्य कचेरीतून आलेले साहेब म्हणाले.

"नाही करणार," ती म्हणाली आणि स्टूल ओढून विजेच्या पॅनेललाच पाठ लावून बसली.

कपाटाएवढी विजेची भट्टी समोर सावकाश निवत होती. आतल्या चकत्या भाजून झाल्या होत्या. आता वीज तोडली असती तर भट्टी भराभर थंड होऊन सगळ्या तडकल्या असत्या.

तिचं उभं आयुष्य याच शेडमध्ये गेलं होतं. आधी इथे कपबश्यांचा कारखाना होता. तो मालकाने दुसरीकडे हलवला. यंत्रं गेली, यंत्रांमागे माणसं गेली, तिची लेकही गेली. कामगारांच्या सोसायटीने शेड तेवढी सोडली नाही. पुढे एका कंपनीने ती भाड्याने घेतली आणि तिथे एक डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या नव्हेत, प्रयोगशाळेतल्या. त्यांना बॅटरी बनवायची होती, पण आत द्रव नसलेली. द्रवाच्या जागी बशीसारखी भाजलेली, कागदासारखी पातळ चकती. अशी बॅटरी सहसा पेट घेत नाही, त्या म्हणाल्या होत्या, आणि ती इथेच शोधायची, इथेच बनवायची.

पावडरीचं गणित डॉक्टरबाईंचं, आच हिची. चकत्या वाकायच्या, चिरायच्या; दोघी एकमेकींवर खेकसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. नखाएवढी साधली, मग बटणाएवढी. आज पहिल्यांदाच भट्टीत तळहाताएवढ्या होत्या.

आणि आजच भट्टी उचलायला क्रेन आली होती. संशोधन आणि उत्पादन दोन्ही दूरच्या मोठ्या कारखान्यात, इथे फक्त विक्रीचं दुकान, असं कंपनीने ठरवलं होतं.

"हुकूम वरचा आहे हो," साहेब जरा नरमाईने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "क्रेन संध्याकाळपर्यंतच मिळालीय. त्या चकत्या तिकडे पुन्हा करता येतील."

"तिकडे खुशाल करा. या इथल्या आहेत."

डॉक्टरबाई येऊन स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या. "माझी नोकरी घ्या हवी तर," त्या म्हणाल्या, "पण विजेला हात लावायचा नाही."

साहेबांनी क्रेनवाल्याला हाक मारली. तो तिचा धाकटा भाऊ. उंचीने बेताचा, म्हणूनच की काय, सगळे त्याला लंब्या म्हणत.

"तुमच्या बहिणीला समजवा."

लंब्या तिच्यापुढे उकिडवा बसला. "ताई, ऊठ ना गं. का माझ्या पोटावर पाय देतेस?"

"भट्टी ने की. मी कुठे अडवतेय? पण थंड झाल्यावर. मागच्या वेळी सगळं उचलून नेलं, तेव्हा आपण फाटकाशी उभे राहून बघत बसलो. आठवतं?"

लंब्या उठला. त्याने भट्टीच्या दाराजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"साहेब, गरम वस्तू उचलायची नाही, असा आमचा नियम आहे."

"नियम? कधीपासून?"

"आत्तापासून," लंब्या म्हणाला. क्रेनची किल्ली खिशात टाकून तो उंबऱ्यावरच बसला.

साहेबांनी फोन लावला. पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं, मग फोन ठेवला आणि घाम पुसत तेही एका खोक्यावर टेकले. दुपार चौघांनी तशीच काढली.

उन्हं कलली तेव्हा तिने दार उघडलं. एक चकती वाकडी झाली होती, एकीला कडेला चीर होती. बाकीच्या अखंड होत्या. डॉक्टरबाईंनी एक खिडकीपाशी धरली, तशी तिच्यातून मंद उजेड आला. साहेबही जवळ आले आणि नकळत हात मागे बांधून बघत राहिले.

मग भट्टी गेली. पट्ट्यांनी बांधून, ट्रकवर चढून गेली.

"तुम्हीही चला तिकडे," निघताना साहेब मनापासून म्हणाले. "अशी माणसं हवीत आम्हाला."

"भट्टीला पाय नाहीत, म्हणून ती चाललीय. मला आहेत. मी इथेच उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई राजीनामा देऊन शेडवर आल्या. ती रिकाम्या जागी ओणवी होऊन खडूने फरशीवर चौकोन आखत होती. बाहेर लंब्या पडक्या धुराड्याच्या विटा साफ करून रचत होता.

"हे काय चाललंय?"

"भिंती आम्ही बांधतो. तापायच्या तारांचं तेवढं तुम्ही बघा."

"माझ्याकडे काहीच नाही आता. ना कंपनी, ना परवानगी."

"माहितीय."

डॉक्टरबाई चौकोनाभोवती फिरल्या. "पण ही पहिलीच्या दुप्पट आहे."

"मग? तेवढीच पुन्हा बांधायची?"

डॉक्टरबाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरलं.

"ताणा," ती म्हणाली. "ढिली पडतेय."