भाकड नव्हती ती

“भाकड आहे,” बाबा म्हणाले.

“दुर्बीण द्या, मी बघते.”

“मी बघितलंय.”

“तरी द्या ना.”

“एफी, गप पड. हललीस तर कळप उठेल.”

झालं! आमच्याकडे हे असंच. माझी तिशी उलटली, शिकारीच्या सगळ्या परीक्षा दिल्या, शेजारच्या खोऱ्यात उमेदवारी करून हरणं मारली, पण बाबांच्या डोंगरावर मी कोण? तर घोडी सांभाळणारी. दुर्बीण त्यांच्या गळ्यात, रायफल त्यांच्या हातात, आणि मी त्यांच्या टाचांमागे बर्फात पोटावर पडलेली. नाकावरचा राग मला त्यांच्याकडूनच आलाय, त्यामुळे दोघंही गप्प बसलो की समजावं, आत दोन्हीकडे पाणी उकळतंय.

जानेवारीत आम्हा हायलंडच्या शिकाऱ्यांना हरिणी कमी कराव्या लागतात. नाही केल्या तर चारा पुरत नाही आणि वसंत येईपर्यंत निम्मा डोंगर उपाशी मरतो. डोंगराचा मालक लांब शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतो, आकडा कळवतो, बर्फात लोळायचं आम्ही. त्यातही आधी भाकड टिपायच्या, म्हणजे जिच्यामागे यंदाचं पाडस नाही अशा. पाडसवाली मारायची वेळ आलीच, तर पाडसही तिथेच, लगेच मारायचं. लहानपणी मी रडत विचारलं होतं, त्या बिचाऱ्याला कशाला? बाबा म्हणाले होते, “आईवाचून एक हिवाळा काढून दाखव, मग विचार.” तो नियम त्यांच्या बापाचा, आणि त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

पाच हरिणी होत्या. ओढ्यापलीकडे, काळ्या मातीच्या बांधाच्या आडोशाला बर्फ उकरून चरत होत्या. बाबांनी हेरलेली सगळ्यांत अलीकडे, आडवी उभी. मला नुसत्या डोळ्यांनी बांधाच्या मागे काहीतरी तपकिरी दिसलं. जरासं हललं, असं वाटलं.

“बाबा, तिच्यामागे काहीतरी आहे.”

“दगड आहे.”

“हलला.”

“दगड हलत नसतात, बाई!” असं म्हणून त्यांनी गाल रायफलीला टेकवला.

हरिणी जागेवरच कोसळली. तो बार चांगला होता, उगाच कशाला खोटं बोलू? बाकीच्या उधळल्या. आणि बांधामागून तो दगड उठला. सहासात महिन्यांचं पाडस, अंगावर थंडीचे दाट केस. पळालं नाही. दोन पावलं पुढे आलं, आईकडे मान लांबवून उभं राहिलं.

“बाबा, पाडस! मारा!”

“कुठे?”

मला वाटलं, घाईत विचारतायत. “अहो, तिच्या डोक्याशी! समोरच आहे!”

त्यांनी नवीन गोळी चढवली. वेळ भरपूर होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, आत्ता, आत्ता. बार झाला आणि पाडसाच्या पाठीच्या वर, बरंच वर, मागच्या उतारावरचा बर्फ उडाला. पाडस दचकलं, गरकन वळलं आणि बाकीच्यांच्या मागे डोंगराच्या धारेपलीकडे गेलं.

बाबांनी रिकामं काडतूस चाचपडून उचललं, जाकिटाच्या डाव्या खिशात टाकलं. प्रत्येक बारानंतर ते तसंच करतात. मग म्हणाले, “वारा.”

वारा? आमच्या तोंडची वाफ सरळ वर जात होती!

“कसला वारा, बाबा?”

“पलीकडे असतो. तुला काय कळतंय?” मग थोड्या वेळाने, “रायफलीवरच्या दुर्बिणीलाही धक्का बसलाय बहुतेक. परवा रायफल गाडीत आपटली.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. बार झाला की हरीण पडो न पडो, जागेवर जाऊन बघायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं. ते जागचे हलेनात, म्हणून मीच ओढा ओलांडून गेले. पाडस उभं होतं तिथे गुडघ्यांवर बसून बर्फ तपासला. केस नाहीत, रक्त नाही. म्हणजे गोळी साफ चुकली होती, पाडस जखमी होऊन कुठे कण्हत पडणार नव्हतं. तेवढाच काय तो दिलासा.

बाबा आल्यावर मी हरिणीचं पोट साफ करायला घेतलं. सुरी कासेपाशी गेली आणि माझ्या बोटांवर पांढरं आलं. दूध. गरम होतं अजून. मी हात तसाच त्यांच्यापुढे धरला.

“ही भाकड?”

ते हरिणीच्या मानेवरचा बर्फ झटकू लागले.

“सांगा ना! ही भाकड होती?”

“होतं असं कधीकधी. लांबून कास कळत नाही. ऊन तिरपं असलं की...”

“पुरे करा तुमच्या भाकडकथा!” बोलून गेले. बापाला असं कधी बोलले नव्हते, आणि बोलल्यावर थांबताही येईना. “मला दुर्बीण दिली असती तर काय बिघडलं असतं? आता त्याचं काय?”

“कळपाबरोबर गेलंय. राहील त्यांच्यात. जगेल.”

हे मात्र मला आरपार लागलं. चुकतो माणूस. पण ज्या माणसाने मला जन्मभर सांगितलं की बिनआईच्या पाडसाला दुसऱ्या हरिणी चाऱ्यावरून लाथा मारून हाकलतात, तोच आता ‘जगेल’ म्हणत होता, आणि माझ्याकडे न बघता म्हणत होता. मी बर्फाने हात घासले, फ्लोरा घोडीला पुढे आणलं आणि दोघांनी मिळून हरिणी तिच्या पाठीवर बांधली. मग घरची वाट धरली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने बार्लीचं सूप वाढलं. बाबांनी वाडग्याच्या कडेला बोट लावून मग चमचा आत घातला. हे ते कधीपासून करतायत? मी जेवता जेवता बघत राहिले. मीठ हवं होतं, ते त्यांच्या समोरच होतं, तरी आईने उचलून त्यांच्या हातात दिलं. जेवून ते कुत्र्यांना खायला घालायला गेले. मी दार लावलं.

“आई, त्यांना दिसत नाही.”

आई भांडी विसळत राहिली. “थोडं कमी दिसतं. धुक्यातून बघितल्यासारखं वाटतं, म्हणतात.”

“तुला माहीत होतं?”

“उन्हाळ्यापासून वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते. म्हणतात, छपाई बारीक झाली.” ती हसायला गेली, पण जमलं नाही. “मीही म्हणते, झाली खरी. झाकली मूठ राहू दे, एफी. डॉक्टरकडे नेईन मी त्यांना गोडीगुलाबीने. पण हंगाम संपू दे. त्या माणसाकडून रायफल काढून घेतली तर मागे उरतं काय, सांग?”

“आणि त्या पाडसाचं काय?”

“एका पाडसापायी बापाला...”

“एका पाडसापायी नाही! उद्या दुसरं असेल. परवा एखादा माणूस असेल, आई, बांधामागे बसलेला. त्यालाही दगड म्हणतील!”

आईच्या हातातला वाडगा तसाच राहिला. तिने हा विचार केला नव्हता, किंवा केला असेल आणि मूग गिळून बसली असेल. मला तिचीही चीड आली आणि दयाही आली. फडकं उचलून मी भांडी पुसायला घेतली.

सकाळी उजाडल्याबरोबर मी रायफलीचं कपाट उघडलं. रायफल कागदोपत्री आम्हा दोघांच्या नावावर आहे, किल्लीची जागा मलाही माहीत आहे. कुत्र्यांच्या खोपटामागे मातीच्या उंचवट्याला टेकून एक लोखंडी पत्रा उभा आहे, पांढरा रंगवलेला. हंगामाआधी रायफलीचा नेम तिथे तपासतात. मी पोत्यावर आडवी झाले आणि एकच गोळी झाडली. पत्रा टण्णकन वाजला. कुत्री भुंकायला लागली.

बाबा बाहेर आले, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

“काय चाललंय?”

“दुर्बिणीला धक्का बसलाय म्हणालात ना? बघत होते.”

“मग? कुठे लागली?”

पत्र्यावर मधोमध करडा डाग उमटला होता. मला होते तिथून स्पष्ट दिसत होता. त्यांना दिसायला हवा होता.

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

ते जागेवर उभे राहिले. डोळे बारीक केले. मग बर्फातून तसेच एका बुटाने, एका मोज्याने चालत पत्र्यापर्यंत गेले. जवळ गेले, आणखी जवळ गेले, नाक लागेल इतके, आणि शेवटी हाताने पत्रा चाचपला. डागावर बोट आल्यावर ते तिथेच थांबले. बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभे होते. जिंकले होते ना मी? मग रडू का येत होतं?

परत येऊन ते एवढंच म्हणाले, “फ्लोराला खोगीर घाल. पाडस आईला शोधत तिथेच आलं असेल.”

चढताना ते मागे चालले. आजवर कधी चालले नव्हते. ओढ्याच्या अलीकडे घोडी बांधली आणि आम्ही सरपटत कालच्या जागेपाशी गेलो. गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

“आहे का?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

होतं. जिथे हरिणी पडली होती तिथला बर्फ लाल-काळा झाला होता, दोन डोमकावळे उरलेली आतडी ओढत होते, आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर पाडस उभं होतं. मधूनच नाक खाली नेऊन हुंगायचं, मग मान वर करून धारेकडे बघायचं. एकदा ओरडलंही, बारीक आवाजात.

“आहे,” मी म्हटलं.

“कसं उभं आहे?”

“तोंड आपल्याकडे.”

“मग थांब. आडवं होऊ दे.” जरा वेळाने म्हणाले, “काल मला नुसता ठिपका दिसत होता. ठिपक्यावर मारली मी.”

मी दुर्बीण बाजूला ठेवून रायफल पुढे ओढली.

“नीट दिसत नसेल तर मारायचं नाही, हे मीच शिकवलं ना तुला?”

“हो.”

“मग काल मला तसं का नाही म्हणालीस?”

“म्हटलं असतं तर ऐकलं असतं?”

त्यांनी विचार केला. “नाही,” म्हणाले. “कानाखाली वाजवली असती.”

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळे भरले. समोरचं सगळं धूसर झालं. मी बाहीने डोळे पुसून रायफल खांद्याला लावली, पण नळी थरथरत होती.

“रागावलीयस अजून?” बाबांनी विचारलं. बघत नव्हते, माझा श्वास ऐकत होते ते. “मग खाली ठेव. रागात चाप ओढायचा नाही. आणि दया येत असेल तर तीही आत्ता बाजूला ठेव. हात हलवणारी दया त्याच्या काही कामाची नाही.”

मी रायफल खाली ठेवली. डोमकावळे भांडत होते. पाडस एका कावळ्यावर धावून गेलं, तो उडून पुन्हा तिथेच बसला. मग ते वळलं आणि आडवं उभं राहिलं. मी गाल टेकवला, हात स्थिर होता, चाप ओढला.

बाराचा आवाज खोऱ्यातून फिरून परत आला. कावळे उडाले. बाबा माझ्या शेजारी हनुवटी बर्फात टेकवून पडलेले, टोपी एका कानावर आलेली. माझ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, “पडलं का गं?”

याच डोंगरावर माझा बाप पलीकडच्या धारेवरची हरणं कान मोजून सांगायचा. त्याने मला विचारलं, पडलं का गं.

“पडलं, बाबा. जागच्या जागी.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “बरं झालं बिचाऱ्याचं.” बर्फ चाचपून त्यांनी रिकामं काडतूस शोधलं आणि सवयीने डाव्या खिशाकडे नेलं. मग हात तिथेच थांबला, आणि त्यांनी ते माझ्या खिशात टाकलं.

पोट साफ करून झाल्यावर मी घोडी आणायला निघाले, तर म्हणाले, “एवढ्याला घोडी कशाला? हे मी नेतो.” दोरीचा फास पाडसाच्या गळ्यात अडकवला, दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावरून घेतलं. मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी दिलं नाही. हे मी चुकवलंय, मीच ओढणार, एवढंच म्हणाले.

मग घोडी बांधली होती त्या दिशेने मी पुढे झाले. उतारावर बर्फाने सगळं सपाट दिसत होतं. खाली कुठे खड्डा, कुठे ओल, काही कळत नव्हतं. ते माझ्या मागे, दोरी ताणून, माझ्या पावलांत पावलं टाकत येत होते.

“बाबा, पुढे दगड आहे,” मी म्हटलं.

ते थांबले. “कुठे?”

“डाव्या पायापाशी.”

त्यांनी डावा पाय उचलला आणि बाजूला टाकला.