मांडी घालण्याआधी

लातूर जिल्हा नवानवा होता आणि विहिरी कोरड्या. जळकोटकडच्या दानम्मानं रात्रीच हापशावर नंबर लावला, घागर भरली, आणि परतताना बांधावरून पडली. लुगडं चिंब, वर पौषातला वारा. उजाडल्यावर मलप्पाला आई सापडली ती गार, ताठ.

भावकीतल्या शंकरप्पांनी तिच्या कपाळाला विभूती लावली. लिंगायताला मातीत मांडी घालून बसवायचं असतं, म्हणून त्यांची घाई. मलप्पानं मात्र ऐकलं नाही. आईला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलं.

"आरं, अंग आखडलं की मांडी वळत न्हाई," शंकरप्पा तिथंही म्हणाले. "डाक्टरीणबाई, गेली म्हणून सांगून टाका."

"गार आहे, काका. गेली असं मी म्हटलं नाही."

डॉक्टर गौसियांनी तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. मनगटात काहीच लागत नव्हतं. गळ्यात बऱ्याच वेळानं एक ठोका आला. मग पुन्हा नुसती वाट. थर्मामीटरचा पारा पहिल्या खुणेपर्यंतही चढला नाही.

शंकरप्पांनी तेवढ्यात तिच्या गुडघ्याला हात घातला.

"हात काढा! गार काळीज एका हिसक्यानं बंद पडतं. चोळूसुद्धा नका."

ईसीजीचा कागद सरकू लागला. लांब लांब अंतरावर एकेक उंच रेघ, आणि प्रत्येकीच्या बगलेला बारीक उंचवटा. जणू कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, एकामागं एक, सावकाश चाललेल्या.

"हा उंचवटा गारठ्याचा," गौसिया मलप्पाला म्हणाल्या. "ऊब येईल तसा उतरेल. तोवर कुणी रडायचं नाही."

ओलं लुगडं कातरून काढलं. कोरड्या घोंगड्या आल्या, सलाईन कोमट केलं, गरम पाण्याच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून छातीशी ठेवल्या.

"पाय शेकू का, बाई?" मलप्पानं विचारलं.

"आधी काळीज. पायांचं गार रक्त एकदम वर गेलं तर घात होईल."

दुपार कलली. कागदावरच्या बाया जवळजवळ चालू लागल्या. कडेवरची लेकरं एकेक करून खाली उतरली. आणि एकाएकी दानम्माचं सगळं अंग हादरू लागलं.

"झटका आला!" शंकरप्पांनी तिचे दोन्ही पाय गच्च धरले.

"कापतायत त्या," गौसिया पहिल्यांदाच हसल्या. "इतका वेळ कापायचंही बळ नव्हतं अंगात. कापू द्या."

दानम्माचे डोळे किलकिले झाले. दात वाजत होते, तरी शब्द कळले.

"शंकऱ्या, पाय सोड की मुडद्या. दुखायलेत."

शंकरप्पांनी चटका बसल्यासारखे हात काढले. मलप्पा पटक्याचा सोगा तोंडाशी धरून भिंतीकडं वळला.