शेठच्या पारड्याखालचं मेण

मी एक जुना तराजू आहे. पितळेची दोन पारडी, लोखंडी दांडी आणि मधे जरासा वाकडा काटा. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू नेहमी गोड बोलतात, झालं गेलं विसरून जा म्हणतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मी त्यातला नाही. एका माणसाचा राग मी मनात जपून ठेवलाय.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने रिकामी पारडी टांगून पाहिली आणि म्हणाला, "वा! काटा कसा ताठ उभा राहिलाय बघा!" तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं. पण मला विकत घेतलं शेठने.

शेठचं किराणा दुकान होतं. आधी माणूस बरा होता. मग दारू लागली आणि तिचं बोट धरून लबाडी आली. मालाच्या पारड्याखाली तो मेणात शिशाचा तुकडा दाबून चिकटवायचा. गिऱ्हाइकाच्या पिशवीत माल कमी पडायचा आणि मी मात्र साळसूदासारखा सरळ! एकदा एका आजीबाईंनी घरी जाऊन साखर पुन्हा तोलली आणि तरातरा दुकानात आल्या. शेठ काय म्हणाला माहीत आहे? "मी काय करू आजी, हा मेला तराजूच चोर आहे!" आणि भर दुकानात त्याने माझ्या पारड्याला चापट मारली. करून सवरून हा नामानिराळा, आणि चोर कोण, तर मी!

त्याची बायको गल्ल्यावर बसायची. रोज दुकान उघडलं की ती गुपचूप पारड्याखालून बोट फिरवायची आणि मेण खरवडून टाकायची. एक दिवस शेठने ते पाहिलं. तो पिऊन आला होता. त्याने मला हुकावरून ओरबाडलं आणि तिच्या अंगावर फेकलं. तिचं मनगट फुटलं, माझा काटा वाकला, आणि मला भंगारात टाकलं गेलं. तिथेच ठरवलं, याला सोडायचं नाही.

भंगारातून मला एका ताईने उचललं. दारू सोडवायच्या केंद्रात ती समुपदेशक होती. तिने काटा जमेल तेवढा सरळ करून घेतला आणि मला केंद्राच्या मोठ्या खोलीत टांगलं. तिची पद्धत सोपी होती. एका पारड्यात दारूच्या ओढीचा दगड. ज्याची ओढ मोठी, त्याचा दगड मोठा. समोरच्या पारड्यात आधाराची वजनं. झोप लागते? ठेवा वजन. राग आला तरी पाय गुत्त्याकडे वळत नाहीत? ठेवा. हाताला काम आहे? ठेवा. पण घरच्यांची, मित्रांची वजनं त्यांनीच येऊन ठेवायची. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"दारू सुटली का, एवढंच विचारून भागत नाही," ताई म्हणायची. "सुटल्यावर उभं राहायला पायाखाली काय आहे, तेही मोजायला हवं."

आधाराचं पारडं खाली गेलं की माणूस घरी जायचा. एका बस ड्रायव्हरच्या आईने वजन ठेवलं आणि पारडं टेकलं, तेव्हा तो माझी साखळी धरून रडला होता. चोर म्हणवून घेतलेल्या मला तिथे मान मिळाला.

आणि मग तिथे शेठच आला की हो! दुकान बुडालेलं, अंग सुकलेलं, हात कापत होते. त्याने मला ओळखलं आणि मान फिरवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ये बाबा, म्हटलं, आता तू माझ्या पारड्यात.

पहिल्याच दिवशी त्याने वजनं उचलली. "हे बायकोचं. हे भावाचं."

ताईने ती अलगद काढून घेतली. "शेठ, माणसांची वजनं माणसंच ठेवतात."

दगड जागचा हलला नाही. मला उकळ्या फुटत होत्या.

पुढे त्याची झोप सुधारली, हात थांबले, पारडं थोडं झुकलं. पण शेठला घाई. बायको भेटायला यायची होती त्या दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तो खोलीत आला. त्याने खाटेचा नट काढून आणला होता. मेणबत्तीच्या मेणात तो दाबला आणि आधाराच्या पारड्याखाली चिकटवला. दगड वर गेला. जित्याची खोड!

खरं सांगतो, मी खूश झालो. जगाला खोटं माप दिलंस ना, आता तेच पदरात घेऊन घरी जा आणि आपट तोंडावर. पण तेवढ्यात ताईबरोबर त्याची बायको आत आली. तिच्या मनगटावर वण तसाच होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडावर आपटणार तो, पण मार बसणार हिला आणि घरी असलेल्या हिच्या लेकीला. ओरडावंसं वाटलं. तराजूला तोंड असतं तर!

"बघ," शेठ म्हणाला, "पारडं टेकलं. आता मी घरी यायला मोकळा."

 बायकोने वजनांच्या पेटीतलं सर्वांत मोठं वजन उचललं. ते डाव्या हातात धरून, जुन्या सवयीने, उजव्या हाताचं बोट पारड्याखालून फिरवलं. मेणाचा गोळा तिच्या तळहातावर पडला. पारडं वर गेलं, दगड खाली आपटला.

ताईचा चेहरा उतरला. शेठ पुटपुटला, "अगं, तुला विश्वास वाटावा म्हणून..."

"अहो, हे वजन ठेवायलाच आले होते मी," ती म्हणाली. "हे पडलं असतं तर पारडं आपोआप टेकलं असतं."

तिने वजन पुन्हा पेटीत ठेवलं आणि निघून गेली. शेठ त्या पेटीकडे बघत जमिनीवर बसला. सूड गोड लागतो का, असं कुणी विचारलं तर सांगेन, लागतो. खोटं कशाला बोलू?

आता तो रोज माझी पारडी पुसतो. पुसू दे. मी त्याला माफ केलेलं नाही. ती अजूनही भेटायला येते, दोघं बोलतात, पण पेटी ती उघडत नाही. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. आपली माणसं आपल्यासाठी वजन घेऊन निघालेली असतात, आपल्याला ते ठाऊक नसतं. त्यांना पोचू द्या. शेठने थोडा धीर धरला असता, तर तो आज घरी असता.