सातव्या वाक्याचा आधार

आमच्या वीज नियोजन कार्यालयात माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या वाक्यांत खोड काढणं. आराखडा आला की प्रत्येक वाक्याशेजारी मी लिहायचं: हा निष्कर्ष, हा त्याचा आधार, हे नुसतं गृहीत. आधाराला निळी रेघ, गृहीताला लाल. लाल वाक्य जागेवर जाऊन तपासतात. निळ्याकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहत नाही.

आज तीन वाजता जुनं वीज केंद्र कायमचं बंद व्हायचं होतं. अडीचला फाइल कपाटात ठेवताना सहज चाळली. सातवं वाक्य: 'रुग्णालयाचा भार दुसरी वीजवाहिनी पेलेल.' शेजारी माझी निळी रेघ. आधार म्हणून वाहिनी विभागाचं पत्र जोडलेलं. तेव्हा मी त्याचं पहिलंच पान वाचलं होतं. आता दुसरं उलटलं. त्यांनी आधार दिला होता आमच्याच गेल्या वर्षीच्या आराखड्याचा. तो काढला, तर त्यात आधार काय? वाहिनी विभागाचं मत!

दोघंही एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून निवांत झोपले होते. वाहिनीची क्षमता कोणी मोजलीच नव्हती.

त्याच रुग्णालयात आमचे वडील, अप्पा, श्वासाच्या मशीनवर होते. केंद्र बंद होण्याआधी धाकटा भाऊ त्यांना दुसरीकडे हलवू म्हणत होता, तर मीच त्याला झापलं होतं, "घाबरट कुठला! मी स्वतः वाचलंय."

साहेबांच्या खोलीत धावले. "साहेब, तीनचं काम थांबवा."

"कशाच्या आधारावर?"

"आधार नाही, तेच तर सांगतेय! सातवं वाक्य लाल हवं होतं. मी निळं केलं."

नोकरीची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण अप्पांपुढे ती काहीच नव्हती. साहेबांनी उचललेला रिसीव्हर पुन्हा खाली ठेवला. "अहो, सकाळीच मी रुग्णालयाशी बोललो. त्यांनी खात्री करून घेतलीय."

जीव भांड्यात पडला. तरी सवय जाईना. भावाला फोन लावला. "रुग्णालयानं खात्री कशी केली रे?"

"अगं ताई, मोठ्या डॉक्टरांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण तिथेच आहे, तिनं स्वतः तपासलंय. त्यांनी भाड्यानं आणलेला जनरेटर परतसुद्धा पाठवला."

"साहेब," मी कसंबसं म्हणाले, "ती खात्री म्हणजे मीच."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी केंद्राचा नंबर फिरवला. तीनला चार मिनिटं होती. तिकडे घंटा वाजत राहिली; सगळे खाली यंत्रांपाशी गेले असणार.

"ताई, काय झालं?" माझ्या कानाशी भाऊ रुग्णालयातून विचारत होता.

"नर्सला गाठ. अप्पांना हातानं श्वास द्यायची तयारी करायला सांग. आत्ता, पळ!"

त्यानं पुन्हा कारण विचारलं नाही. फोनमध्ये त्याच्या पळण्याचा आवाज आला. ताई म्हणाली, एवढंच त्याला आजही पुरलं.