गोठलेली टाकी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहून पुसलं. शेडवरची माणसं वाचतील, मामाला लगेच ओळखतील. शेवटी मामालाच विचारलं, तर म्हणाला, "लिही की. झाकून काय मिळवलं मी?"

तर, टाकी ढवळता ढवळता मामाच्या हातातला दांडा जड झाला.

रबराच्या झाडांचा चीक सकाळी डब्यांतून शेडवर येतो, गाळून टाकीत पडतो. टँकर येईपर्यंत तो पातळ राहावा म्हणून मामा त्यात अमोनिया ओततो. रोजचं काम, डोळे मिटून करावं असं. पण आज दांडा अडखळला. वर काढला तर टोकाला पांढरी गाठ लोंबत होती, नासलेल्या दुधासारखी.

त्यानं कॅन उचलून पाहिला. अमोनियाचा नव्हताच. चीक गोठवायचं ॲसिड होतं ते. दोन्ही कॅन निळे, दोन्हींवरची अक्षरं कधीच उडालेली. तरी इतक्या वर्षांत कोणी चुकलं नव्हतं. झाकण उघडलं की आंधळ्यालाही कळावं, असा त्यांचा वास.

आणि मामाला गेलं वर्षभर कशाचाच वास येत नव्हता.

हे मामीलासुद्धा ठाऊक नव्हतं. शेडमध्ये तर मामाचं नाक म्हणजे कायदा. बादलीवर वाकून तो सांगायचा, यात पाणी घातलंय, हा शिळा आहे. आता नुसताच वाकायचा, हळूच बोट बुडवून चोळायचा आणि ठोकून द्यायचा. कॅन ओळखायचा जागेवरून. फळीवर डावीकडे अमोनिया, उजवीकडे ॲसिड.

"फळी कोणी आवरली?" सुपरवायझर टाकीत बघून कडाडले.

झाडूवाली मावशी पुढे आली. "मी, साहेब. काल धूळ पुसली. कॅन होते तसेच ठेवले."

"तसेच? उलटे ठेवलेस. आता हा गोळा करवतीनं कापून काढावा लागेल. उद्यापासून येऊ नकोस तू."

"अहो, पण ओतताना वास..." मावशीनं मामाकडे पाहिलं. "दादांना तर लांबूनही कळतं."

सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या.

"सर्दी झालीय मला," तो म्हणाला.

सुपरवायझर मालकांना फोन लावायला आत गेले. मावशी आपला डबा पिशवीत भरायला लागली.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हर मामाचा लहानपणापासूनचा दोस्त. टाकीत डोकावून म्हणाला, "आता काय, इथल्या इथं टायरच करून देतोस का?"

मामा हसला नाही. काय झालं ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, सर्दीसकट. ड्रायव्हर ऐकून फळीपाशी गेला, परत येऊन मामाला खेटून भिंतीला टेकला. मामाचे डोळे भरून आले. भीतीनं येत असतील, असं त्याला वाटलं.

"काही कळतंय?" ड्रायव्हर खोकत म्हणाला.

"काय कळायचंय?"

ड्रायव्हरनं पाठीमागचा हात पुढे आणला. हातात अमोनियाचा कॅन, झाकण उघडं. त्याच्या स्वतःच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"सर्दी म्हणे. कधीपासून आहे हे?"

मामानं कॅन घ्यायला हात पुढे केला. ड्रायव्हरनं तो मागे ओढला.

"अरे, उद्या हा कॅन गळला तर तू इथं गाढवासारखा उभा राहशील आणि मरशील. आणि आज ती बाई?"

"मला काढतील रे. नाक गेल्यावर माझं काय काम इथं? दुसरं काय येतं मला?"

"तिला काय येतं?"

मामानं कॅन घेतला आणि झाकण लावायला लागला. आटे बसेनात. दोस्तानं मदत केली नाही, नुसता बघत राहिला.

आतलं फोनवरचं बोलणं थांबलं. मावशी पिशवी घेऊन फाटकाकडे निघाली होती.

"तिला थांबव," मामा म्हणाला. "काहीही सांग, पण बाहेर जाऊ देऊ नको. मी आत सांगून येतो."

"काय, सर्दीचं?"

"नाही रे. वर्षभराचं. शब्द देतो तुला, सगळं सांगितल्याशिवाय बाहेर येणार नाही."