बेडकानंही दर्शन दिलं

आमची ही गेल्याची बातमी मला दुधाच्या रांगेत कळली.

माझ्यापुढे एकोणीस माणसं होती. हातात डबा, डब्याच्या तोंडाला मेहुणीनं बांधलेला फडका. "भावोजी, डबा उघडा ठेवायचा नाही, गुण उडून जातो," असा तिचा हुकूम होता. खिशातला फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. ती म्हणाली, "लवकर या." मग थांबली आणि म्हणाली, "सावकाश या." या दोन वाक्यांच्या मधे काय झालं ते मला समजलं.

मी रांगेतून बाहेर पडलो तेव्हा मागचा माणूस म्हणाला, "काका, नंबर जाईल हं तुमचा."

"जाऊ दे," मी म्हटलं.

हे दूध म्हणजे आमच्या भागातला चमत्कार होता. ते नासत नसे. भर उन्हाळ्यात, न तापवता, ओट्यावर तीन दिवस ठेवा, जसंच्या तसं. दुकानाच्या काचेमागे दुधानं भरलेली एक मोठी बरणी होती आणि तिच्यापुढे पाटी : 'आज दिवस सव्विसावा.' पाटीवरचा आकडा रोज बदलायचा, दूध बदलायचं नाही. लोक काचेला नाक लावून बघायचे, हात जोडायचे, मग रांगेत उभे राहायचे. लहान मुलांची हाडं, म्हाताऱ्यांचे गुडघे, यकृत, मूत्रपिंड, काय वाटेल ते या दुधानं बरं होत होतं.

दुकानदार आधी साधा दूधवाला होता. बरणी ठेवल्यापासून लोक त्याला दूधबाबा म्हणायला लागले. माझी मुलगी मला बाबा म्हणते, त्यामुळे मला ते जमलं नाही. मी त्याला दूधवालाच म्हणणार.

उंच स्टुलावर बसून, एका हातानं माप ओतत आणि दुसरा हात आशीर्वादासाठी वर धरून तो बोलायचा.

"दूध नासतं कशानं? उन्हानं? छे! ज्याच्या घरी जातं त्याच्या मनानं. मन नासकं तर दूध नासकं. माझ्या दुधाची हमी मी देतो. तुमच्या मनाची कशी देऊ?"

बंदोबस्त पक्का होता. एखाद्याचं दूध बिघडलंच, तर तो सांगणार कुणाला?

एका बाईनं धीर करून विचारलं होतं, "पण याला विरजण का लागत नाही हो? रात्रभर ठेवलं तरी दही होत नाही."

"ताई, दही म्हणजे दुधाचं मरण. माझ्या दुधाला मरण नाही, मग दही कुठून होणार?"

सगळ्या रांगेनं माना डोलावल्या. वर त्याच्या डोक्यामागे सोनेरी चौकटीत पाच कागद टांगलेले. सरकारी प्रयोगशाळेचे अहवाल. पाच वेळा नमुना नेला, पाचही वेळा शेरा एकच : दूध प्रमाणानुसार योग्य. "देवाला नाही मानलंत तरी चालेल," तो म्हणायचा, "सरकारला तरी माना."

हे सगळं मी हिला सांगितलं तेव्हा ही दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या हसली. "ज्याचं दही होत नाही ते दूध कसलं? चुना आणलात की काय?" पण धाकट्या बहिणीचं मन मोडवेना, म्हणून रोज दोन घोट घ्यायची. तीन आठवडे घेतले.

ही गेल्यावर मुलगी वर्षाच्या नातीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. मेहुणी रोज सकाळी यायची, आणि आता दुधाची बाटली नातीसाठी आणायची.

"ताईनं उशिरा सुरू केलं, म्हणून गेली," ती म्हणायची. "हिला तरी वेळेवर मिळू दे."

आठवड्याभरात नातीला उलट्या सुरू झाल्या. पोटही बिघडलं. मी मुलीला म्हटलं, "हे दूध बंद कर."

"बाबा, दात येताना असं होतं."

"दात आधीपासून येताहेत. दूध आता आलं."

"सरकारनं पाच वेळा तपासलंय. तुम्ही एकदा तरी तपासलंत का? नुसता संशय! सगळ्यावर संशय घेऊन आई वाचली का?"

मेहुणीनं बाटलीचं बूच घट्ट केलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. नात मात्र रोज त्या बाटलीतलं दूध पीत होती आणि रोज ओकत होती.

ही गेल्यावर पंधरा दिवसांनी मी कामावर गेलो. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. नळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्या कुलपात ठेवणं, आणि वर्षातून एकदा बरण्यांतलं पाणी बदलणं ही माझी कामं. पाणी म्हणायचं आपलं. ते फॉर्मॅलिन असतं, मेलेले प्राणी कुजू न देणारं. त्यात एक साप, दोन मासे आणि एक बेडूक आहे. बेडूक चाळीस वर्षांपूर्वीचा, माझ्या नोकरीपेक्षा जुना. त्या दिवशी बेडकाची बरणी उघडली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात वर केला तेव्हा माझी बोटं मला दिसली. पांढरी, कडक, टोकांना सालपटं निघालेली. हातमोजे न घालता या द्रवात बोटं घातली की कातडीचं असं चामडं होतं.

अशीच बोटं मी कुठं पाहिली होती? स्टुलावर. आशीर्वादासाठी वर धरलेल्या हाताला.

मी बेडकाकडे बघितलं. चाळीस वर्षं न नासता तोही माझ्याकडे बघत होता.

दुपारीच अन्न तपासनीस बाईंच्या कचेरीत गेलो. टेबलावर फायली, फायलींवर थंड झालेला चहा. दूधवाल्याचं नाव काढताच त्यांनी हात जोडले, पण भक्तीनं नाही.

"काका, पाच वेळा गेले मी. पाचही वेळा पास. आता तो मला खुर्ची देतो आणि रांगेला सांगतो, ह्या आपल्याच बाई. आणखी काय करू?"

"नमुना कसा घेता?"

"बाटलीत दूध, वर वीस थेंब, सील, सही, रवाना."

"थेंब कशाचे?"

"दूध टिकायचे. प्रयोगशाळा लांब आहे. नाही घातले तर वाटेतच नासतं. नियमच आहे तसा."

"पण कशाचे?"

त्यांनी कपाटातली बाटली काढून लेबल वाचलं. "फॉर..." म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

"अहवालात काय लिहून येतं?" मी विचारलं.

त्यांनी फाईल उघडून मोठ्यानं वाचलं. "फॉर्मॅलिन आढळलं, अधिकाऱ्यानं नियमानुसार घातलेलं. बाकी दूध योग्य." मग फाईल मिटली. "म्हणजे तो आधी घालतो, वरून मी घालते, आणि प्रयोगशाळा म्हणते की हे बाईंचंच. पाच वेळा मी त्याच्या बाजूनं साक्ष दिली की हो! आणि त्यानं चौकटीत लावून ठेवली!"

"या वेळी थेंब घालू नका."

"नाही घातले तर नमुना बाद. घातले तर गुन्हा झाकला जातो." त्यांनी थंड चहा एका घोटात संपवला. "दोन्ही करू. एक बाटली नियमाची, एक बिनथेंबाची बर्फात घालून आजच्या आज पोचवायची, आणि पंचांसमोर जागेवर चाचणी. तुम्ही नळ्या धराल ना?"

"अठ्ठावीस वर्षं तेच करतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग भरात असताना आम्ही गेलो. मुलीला मी मुद्दाम बोलावलं होतं. ती नातीला खांद्यावर घेऊन आली, शेजारी मेहुणी, हातात नुकतीच भरून घेतलेली बाटली.

"या या, बाई!" दूधवाला स्टुलावरूनच म्हणाला. "सहावी चौकट करून ठेवलीय."

बाईंनी टेबल मांडलं. एका नळीत त्याचं दूध, दुसऱ्या नळीत पलीकडच्या गल्लीतल्या गोठ्यातलं साधं दूध. दोन्हींत नळीच्या कडेनं हळूच आम्ल सोडलं. साध्या दुधात मातकट तपकिरी रेघ आली. दूधवाल्याच्या दुधात, आम्ल आणि दूध जिथं भेटतं तिथं, स्वच्छ जांभळं कडं उमटलं.

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "याचा अर्थ..."

"याचा अर्थ दर्शन!" दूधवाला स्टुलावरून उडी मारून खाली आला. "पाहिलंत का मंडळी? सरकारी नळीत अविनाशीनं दर्शन दिलं! कडं उमटलं, कडं! साध्या दुधात उमटलं का? नाही उमटलं! जिथं सत्त्व, तिथंच कडं!"

आणि लोकांनी हात जोडले. एका गृहस्थानं तर नळीसमोर डोकं टेकलं. मेहुणीचे डोळे भरून आले. बाईंचा चेहरा बघवत नव्हता. एवढ्या खटपटीनं पुरावा काढावा आणि लोकांनी पुराव्याच्याच पाया पडावं!

मी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय हो काका?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"बेडूक."

"मेलाय का?"

"चाळीस वर्षांपूर्वी."

"आणि नासला नाही?"

"तुम्हीच बघा."

म्हातारी बरणीजवळ वाकली. "अगं बाई! दूधबाबांच्या बरणीला बेचाळीसच दिवस झालेत. हा तर त्यांचा गुरू दिसतोय!"

मागून कुणीतरी हसलं. मी गोठ्यातलं साधं दूध तिसऱ्या नळीत घेतलं आणि बेडकाच्या बरणीतले दोन थेंब त्यात टाकले. बाईंनी कडेनं आम्ल सोडलं. जांभळं कडं, अगदी तसंच.

"घ्या," मी म्हटलं. "बेडकानंही दर्शन दिलं. आता याच्या पाया पडा."

मग म्हातारी खो खो हसायला लागली आणि तिच्यामागे अर्धी रांग. डोकं टेकलेला गृहस्थ कपाळ पुसत मागे सरकला.

मला भाषण येत नाही. शाळेतली बाई मुलांना सांगते तसं सांगितलं. दूध नासवतात ते बारीक जंतू. दही लावतात तेही बारीक जंतूच. फॉर्मॅलिन दोघांनाही मारतं, म्हणून हे दूध नासत नाही आणि याचं दहीही होत नाही. मेलेली वस्तू टिकवायला हे औषध उत्तम आहे. जिवंत माणसाच्या पोटात ते विष आहे.

"खोटं!" दूधवाला ओरडला. "हा माणूस बायको गेल्यापासून भ्रमिष्ट झालाय!"

"असेल," मी म्हटलं. "तुमचा आशीर्वाद द्या, बरा होईन. हात वर करा."

त्यानं सवयीनं हात वर केला. मी माझा हात त्याच्या हाताशेजारी धरला. दोन्ही हातांची बोटं पांढरी, कडक, सालपटं निघालेली.

"माझी बोटं बेडकामुळे अशी झाली. तुमची कशानं?"

त्यानं हात खिशात घातला. तोवर बाई आतल्या खोलीत शिरल्या होत्या. पोत्यांखाली फॉर्मॅलिनचं निळं पिंप सापडलं.

"ते भांडी धुवायचं आहे!" दूधवाला म्हणाला.

"भांड्यात दूध असतानाच धुता का?" म्हातारीनं विचारलं.

बाईंनी पंचनामा लिहिला, विक्री बंद केली, दाराला सील ठोकलं. भिंतीवरच्या पाचही चौकटी त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवल्या.

मुलगी माझ्याजवळ आली. "बाबा, हे... बेडकाच्या बरणीतलं?"

"तेच. थोडं पातळ."

तिनं मावशीच्या हातातली बाटली घेतली आणि गटारात ओतली. पांढरी धार संपेपर्यंत मेहुणी तिच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि गेली.

नातीचं पोट चार दिवसांत ताळ्यावर आलं. चार दिवसांत पोट आपोआपही सुधारतं, हे मला माहीत आहे, म्हणून मी त्याचाही गाजावाजा करत नाही. बिनथेंबाच्या बाटलीचा अहवाल मात्र आला आहे. त्यात फॉर्मॅलिन सापडलं, आणि या वेळी ते बाईंचं नव्हतं.

माझं सांगणं थोडकं आहे. जी वस्तू बिघडायला हवी ती बिघडत नसेल तर हात जोडू नका, विचारा की यात काय घातलंय. उत्तरात तुमच्या मनाचा दोष काढला तर समजा की वस्तूत दोष आहे. चौकटीतला कागद पूर्ण वाचा. आणि नियमानं तपासलं म्हणजे खरंच तपासलं का, हेही विचारा. मी ते रांगेत उभं राहण्याआधी विचारायला हवं होतं.

खटला अजून उभा राहिलेला नाही. वीस थेंबांचा नियम बदला म्हणून बाईंनी वर लिहिलंय, उत्तर आलेलं नाही.

आणि मेहुणी त्या दिवसापासून आमच्याकडे आलेली नाही. बहिणीला आपणच विष पाजलं असं तिनं मनात धरलंय, मुलगी सांगत होती. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हिचं यकृत दूध सुरू व्हायच्या आधीच कामातून गेलं होतं. रोज दोन घोटांनी काही फरक पडला असं सांगता येत नाही. पुराव्यावाचून मी चमत्कार मानला नाही, तसा पुराव्यावाचून तिच्यावर दोषही ठेवत नाही. हे तिला तोंडानं सांगायला हवं. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. अजून सांगितलेलं नाही.